एकपणातले दोनपण: भक्तिपरंपरेतील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

प्रेमात किती जवळ जावे आणि स्वतःचे असे किती उरावे, हा प्रश्न भक्तिपरंपरेत जीव आणि ईश्वर यांच्या नात्यासंबंधी विचारला गेला. शंकराचार्यांच्या अद्वैतात दोघे मुळातच एक असल्यामुळे भेद अविद्येच्या, म्हणजे अज्ञानाच्या, खाती जमा होतो. पण भेदच नसेल तर भक्ती कोणी कोणाची करायची, ही अडचण पुढच्या आचार्यांना डाचत राहिली. रामानुजांनी जीवाला ईश्वराचे शरीर मानले, म्हणजे वेगळा तरी त्याच्यापासून न तुटणारा. बंगालमध्ये चैतन्यांच्या (१४८६–१५३४) परंपरेने भेद आणि अभेद दोन्ही खरे धरून त्यांचे एकत्र नांदणे ‘अचिंत्य’, म्हणजे विचाराच्या आवाक्यापलीकडचे, ठरवले.

मराठीतले उत्तर मला अधिक धीट वाटते. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवाशात गीतेवरील भाष्य पूर्ण केल्यानंतर ज्ञानेश्वरांनी सुमारे ८०० ओव्यांचा ‘अमृतानुभव’ रचला आणि त्याचा आरंभ शिवशक्तीच्या संसाराने केला. ही देवोदेवी आवडीच्या भरात एकमेकांना गिळतात आणि दोनपणाच्या ओढीने पुन्हा उगळतात, म्हणजे बाहेर टाकतात; घरात माणसे दोनच, त्यातला गोसावी (घरधनी) निजला की स्वामिणी (घरधनीण) दोघांचे दांपत्यपण एकटी जागवते. ‘दो ओठीं एकी गोष्टी । दो डोळां एकी दृष्टी’ ही उपमा याच ओघात येते. ओठ दोन आहेत म्हणून बोल उमटतो, आणि उमटलेला बोल एकच असतो. वेगळेपण इथे प्रेमाच्याच गरजेतून येते.

नवव्या प्रकरणात हाच विचार भक्तीला लावताना ते म्हणतात की एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि परिवार घडवता येतो, तर अद्वैतात भक्तीचा व्यवहार का होऊ नये? (वेरूळचे कैलास लेणे आठवल्यावाचून ही ओवी वाचता येत नाही.)

सतराव्या शतकात तुकोबांनी हे दोनपण तत्त्वचर्चेतून उचलून थेट मागणीत आणले: ‘नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं’. लगेच पुढे ते रूप दाखवण्याची आणि चरणांवर माथा ठेवू देण्याची विनवणी करतात. त्यासाठी चरण एकाचे आणि माथा दुसऱ्याचा असावा लागतो.