थंडी मोजणारं रान

थंडी सरत आलेली असताना उत्तरेकडच्या थंड देशांतल्या समुद्रकाठच्या पानगळीच्या रानात शिरलं, की पहिल्यांदा नजरेत भरतो तो झाडांचा तिरकेपणा. वाळूला लागून असलेली झाडं जेमतेम कमरेइतकी, त्यांच्या मागची खांद्याला लागणारी, मग डोक्यावरून जाणारी. सगळ्यांचे शेंडे एकाच चढणीत, कुणी कात्रीने छाटत नेल्यासारखे. वाऱ्याने झाडं वाकली, असं आपण सहज म्हणून जातो. पण एखादी फांदी हातात धरून बघावी. तिच्या समुद्राकडच्या काटक्या सुकून करड्या पडलेल्या असतात, आडोशाच्या तेवढ्या जिवंत. एका अंगाचं कोवळं दरवर्षी मरत गेलं, दुसऱ्या अंगाचं वाढत राहिलं, म्हणून झाड तिरकं दिसतं.

हे काम मिठाचं. लाट फुटते तेव्हा पाण्यात कोंडलेल्या हवेचे असंख्य बुडबुडे वर येऊन फुटतात आणि फुटताना खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडवतात. वारा ते आत आणतो. वाऱ्याने पानं आणि काटक्या एकमेकांवर घासतात, त्यांच्यावर बारीक चिरा पडतात आणि तिथून मिठातलं क्लोराइड आत उतरतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या वेल्स आणि शंक या अभ्यासकांनी 1938 मध्ये या खाऱ्या तुषारांकडे बोट दाखवलं. पुढे 1954 मध्ये बॉइस यांनी बुडबुड्यापासून पानापर्यंतचा सगळा मार्ग उलगडला.

पन्नासेक पावलं आत गेलं की लाटांचा आवाज मऊ होतो आणि पायवाट ओलसर होते. वर पानांचं छत नाही, त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं आणि खोडांवरचं, दगडांवरचं मॉस या दिवसांत वर्षभरात क्वचितच असतं इतकं हिरवंगार दिसतं. शून्याच्या आसपासच्या तापमानातही त्याचं प्रकाशसंश्लेषण चालू असतं. झाडांना पानं फुटून सावली पडायच्या आत त्याला हे ऊन पदरात पाडून घ्यायचं असतं. बाजूच्या सालीवर दगडफुलाचे करडे-हिरवे पापुद्रे असतात. तेही ओल मिळेल तेव्हा जागे होतात.

या वाटेवर खरं थांबावं ते एखाद्या काटकीपाशी. काटकीच्या टोकाला आणि दर पेराशी तपकिरी खवल्यांनी घट्ट मिटलेला एक फुगवटा असतो. आपले शेतकरी त्याला ‘डोळा’ म्हणतात, आणि मला याहून चांगला शब्द माहीत नाही. हा डोळा वसंतात तयार होत नाही. तो गेल्या उन्हाळ्यातच झाडाने बांधून ठेवलेला असतो. धारदार पात्याने तो उभा चिरला आणि भिंगाखाली धरला, तर येत्या वर्षाची पानं घड्या घालून आत बसलेली दिसतात. काही जातींत त्या इवल्याशा पानांवर शिरासुद्धा ओळखू येतात.

मग हा डोळा डिसेंबरातल्या एखाद्या उबदार आठवड्यात का फुटत नाही? फुटला तर पुढच्या हिमात सगळं करपून जाईल, हे खरं. पण झाडाला हे कळतं कसं? त्याचं उत्तर मला या साऱ्या विषयातलं सर्वात सुंदर उत्तर वाटतं. डोळा आधी थंडी मोजतो. साधारण 0 ते 7 अंश सेल्सिअसमधले तास त्याच्या खात्यात जमा होत जातात. कडक गोठणाऱ्या थंडीचे तास फारसे उपयोगाचे नसतात. कुठल्या जातीला काहीशे तास पुरतात, कुठल्या जातीला हजाराच्या वर लागतात. सफरचंदाच्या अनेक वाणांना 800 ते 1,000 तास हवे असतात. तेवढे भरेपर्यंत कितीही ऊब आली तरी डोळा दाद देत नाही. ते भरले, की मग तो उबेचा हिशेब सुरू करतो.

पॉप्लर आणि बर्च या झाडांत हा हिशेब पेशींच्या पातळीवर कसा चालतो तेही दिसून आलं आहे. डोळ्यातल्या पेशी एकमेकींना अतिशय बारीक नळ्यांनी जोडलेल्या असतात आणि वाढीचे निरोप या नळ्यांतून फिरतात. शरदात दिवस लहान होऊ लागले की कॅलोज नावाच्या पदार्थाचे बूच या नळ्यांच्या तोंडांशी बसतात. निरोप थांबतात, वाढ थांबते. पुढे लांबलेल्या थंडीत हे बूच विरघळवणारी विकरं तयार होतात आणि नळ्या एकेक करून मोकळ्या होतात. ज्या थंडीने झाड झोपलं असं आपल्याला वाटतं, तीच थंडी आतून कड्या काढत असते.

किनाऱ्यावर या हिशेबात समुद्रही उतरतो. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत जवळपास 3,500 घनमीटर हवा एका अंशाने तापते. म्हणून समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. उत्तर गोलार्धात सर्वात लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरचा, पण समुद्राचं पाणी सर्वात गार होतं ते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. याचा परिणाम दुहेरी आहे. अनेक किनाऱ्यांवर ऐन हिवाळ्यात समुद्र हवेला फार गोठू देत नाही, ती शून्याच्या थोडी वरच रेंगाळते, आणि डोळ्यांना मोजायला हवी तशीच थंडी भरपूर मिळते. पण नंतर, थंडीचं खातं पूर्ण भरल्यावर, जी ऊब हवी ती देताना हाच समुद्र हात आखडता घेतो. आतल्या प्रदेशात झाडं पालवतात तेव्हा किनाऱ्यावरची तीच जात अनेकदा अजून मिटलेली असते. हिवाळा सौम्य असूनही वसंताला उशीर, हे किनाऱ्याचं वैशिष्ट्य मला प्रत्येक वेळी नव्याने चकित करतं.

सगळेच मात्र थांबत नाहीत. हेझेलच्या झुडपावर नर फुलांचे पिवळसर तुरे लोंबत असतात. शरदात ते आखूड आणि टणक होते, आता सैल होऊन लांबले आहेत. एका तुऱ्याला बोटाने हलकी टिचकी मारली तर पिवळा धूर उडावा तसे पराग उडतात. पानं फुटायच्या आधी ही घाई का, तर पराग वाऱ्यावर जाणारे आहेत आणि पानं आली की ती वाटेत आडवी येतील. मादी फूल शोधायला मात्र डोळे काटकीला लावावे लागतात. ते दिसतं पानाच्या डोळ्यासारखंच, फक्त टोकातून दोन-तीन मिलिमीटरचे किरमिजी धागे बाहेर आलेले. परागकण या धाग्यांवर आता बसतो, त्याची नळी आत उतरते आणि मग काही महिने थांबून राहते, कारण बीजांडं अजून तयारच झालेली नसतात. परागण थंडीच्या शेवटी, फलन उन्हाळ्याच्या तोंडावर.

एवढ्यात वर कुठेतरी सुतार पक्षी वाळक्या खोडावर ढोल वाजवतो. सेकंदभरात दहाहून जास्त ठोके. हे काही किडे शोधणं नाही, ही हद्दीची ललकारी आहे. इतर पक्षीही गाऊ लागलेले असतात, आणि हवा तर जानेवारीइतकीच बोचरी असते. पक्षी मुख्यतः उजेड मोजतात. 45 ते 50 अंश अक्षांशांवर फेब्रुवारीअखेर दिवस रोज तीन-चार मिनिटांनी मोठा होत असतो. विल्यम रोवन यांनी 1920 च्या दशकात कॅनडातल्या एडमंटन इथे जुंको नावाच्या छोट्या पक्ष्यांना कडाक्याच्या थंडीत उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवलं आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला. थंडी होती तशीच राहिली, पण पक्ष्यांची प्रजननाची अंगं ऐन हिवाळ्यात वसंतासारखी वाढली. पुढच्या दशकात फ्रान्समध्ये झाक बन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं, की यासाठी डोळ्यांचीही गरज नाही. उजेड कवटीतून झिरपून थेट मेंदूच्या खोल भागातल्या प्रकाशग्राही पेशींपर्यंत पोचतो.

इथेच काळजीचीही एक गोष्ट आहे. झाड थंडी आणि ऊब पाहतं, पक्षी आधी उजेड पाहतो आणि मग उबेवरून तारीख थोडी मागेपुढे करतो. हवामान बदललं तर ऊब आधी येते, उजेड मात्र ठरल्या दिवशीच येतो. नेदरलँड्समधल्या होग वेलुव इथे ग्रेट टिट पक्ष्यांच्या नोंदी 1955 पासून ठेवल्या जात आहेत. त्यातल्या 1973 ते 1995 या वर्षांत पिल्लांना भरवायच्या अळ्यांचा सुकाळ आधीच्या तारखांकडे सरकला, पण अंडी घालण्याची वेळ त्या प्रमाणात सरकली नाही. घरट्यात चोची उघड्या आणि अळ्यांचा बहर ओसरू लागलेला, असं चित्र माझ्या मनातून जात नाही.

पायवाट खाली उतरते तिथे पावसाच्या आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याची डबकी साचलेली असतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या किनारी रानांत अशा डबक्यांच्या आसपास, कुजक्या पानांच्या थराखाली, वुड फ्रॉग नावाचा बेडूक हिवाळा काढतो. तो मोजत काहीच नाही, कारण तो चक्क गोठलेला असतो. शरीरातल्या पाण्यापैकी 60 टक्क्यांहून जास्त पाण्याचा बर्फ, हृदय बंद, श्वास बंद. बर्फ पेशींच्या बाहेर धरतो. पेशींच्या आत यकृताने सोडलेली ग्लुकोज साखर ठासून भरलेली असते, ती पेशींना आक्रसून मरू देत नाही. ऊब आली की तो वितळतो. सगळ्यात आधी हृदयाचा एक ठोका पडतो, मग दुसरा, काही वेळाने श्वास, आणि पाय हलायला आणखी बरेच तास. डबक्याच्या कडेला अजून बर्फाचा पापुद्रा असतानाच त्याचं बदकासारखं क्वॅक क्वॅक सुरू होतं.