गवत वाढले आणि फुलपाखरू गेले: 'लार्ज ब्लू'च्या मोजणीची पार्श्वभूमी

युरोपातील गवताळ प्रदेशांची प्रकृती फुलपाखरांच्या संख्येवरून जोखण्यासाठी सतरा जातींचा एक निर्देशांक वापरला जातो. १९९० ते २०११ या काळात तो जवळजवळ निम्म्यावर आल्याचे युरोपीय पर्यावरण संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केले. या सतरा जातींपैकी 'लार्ज ब्लू' या निळ्या फुलपाखराची ब्रिटनमधील कहाणी निर्देशांकाच्या कितीतरी आधी सुरू होते. संख्या घटते आहे हे तिथे सर्वांना दिसत होते. का घटते आहे, हे कळायला मात्र फार उशीर झाला.

हे फुलपाखरू ब्रिटनमध्ये कधीच मुबलक नव्हते आणि दुर्मीळ असल्यामुळेच संग्राहक त्याच्या मागे लागत. एकोणिसाव्या शतकात त्याच्या वसाहती एकेक करून नाहीशा होऊ लागल्या तेव्हा दोष सहजच या जाळीवाल्यांवर गेला. पुढे नैऋत्य इंग्लंडमधील एका वसाहतीभोवती संग्राहकांना रोखण्यासाठी कुंपणही घातले गेले, पण त्या कुंपणाने चरणारी जनावरेही बाहेर राहिली, गवत वाढले आणि संरक्षित फुलपाखरूच तिथून गेले. त्यावेळी या दोन गोष्टींची सांगड कुणी घातली नाही.

दरम्यान अळीचे कोडे अर्धे सुटले होते. मादी थाइमच्या कळ्यांवर अंडी घालते. (आपल्या ओव्याच्या वासामागे जो थायमॉल असतो, तोच या जमिनीलगत पसरणाऱ्या झुडपातही असतो.) अळी दोन-तीन आठवडे फुलोरा खाते, मग जमिनीवर उतरते आणि तिथून पुढे तिचा माग लागत नसे. १९१५ च्या सुमारास चॅपमन, फ्रोहॉक आणि प्युरफॉय या फुलपाखरू-अभ्यासकांच्या निरीक्षणांतून उलगडा झाला की, ही अळी मुंग्यांना आवडणारा गोड स्राव सोडते, लाल मुंगी तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात उचलून नेते आणि तिथे दहा महिने मुंग्यांच्याच अळ्या खाऊन ती पोसते. तिच्या वजनातील जवळपास सगळी वाढ वारुळातच होते. या शोधानंतर 'लाल मुंग्या आहेत, थाइम आहे, म्हणजे जागा योग्य आहे' असे गृहीत धरले गेले, आणि हेच गृहीतक महागात पडले.

१९७२ मध्ये ब्रिटिश परिसंस्थाशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी या फुलपाखराचा अभ्यास सुरू केला तेव्हा ब्रिटनमध्ये मोजक्याच फुलपाखरांची वसाहत उरली होती. उडणारी फुलपाखरे मोजून ते थांबले नाहीत. अंडी, अळ्या, वारुळे आणि गवताची उंची अशा सगळ्याच नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे ठेवल्या. त्यातून निघालेले उत्तर अनपेक्षित होते. लाल मुंग्यांच्या अनेक जाती अळीला घरी नेतात, पण ती टिकून मोठी होते ती मुख्यतः 'मायर्मिका सबुलेटी' या एकाच जातीच्या वारुळात. या मुंगीला ऊबदार जमीन लागते. गवत दोन सेंटिमीटरवरून पाचच्या वर गेले, तर जमिनीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते आणि ही मुंगी मागे हटून तिची जागा दुसरी जात घेते. वरून पाहणाऱ्याला थाइमही दिसतो आणि लाल मुंग्याही दिसतात. बदललेली असते फक्त मुंगीची जात.

गवत वाढण्याची कारणे मुळात शेतीतील होती. डोंगरउतारांवर मेंढ्या चारणे परवडेनासे झाले होते आणि उरलेले गवत ससे खुडत होते. १९५३ मध्ये 'मिक्सोमॅटोसिस' हा सशांचा रोग इंग्लंडमध्ये शिरला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक ससे मेले. थॉमस यांचे निष्कर्ष हाती आले तोवर शेवटच्या वसाहतीला १९७६ च्या दुष्काळाचाही तडाखा बसला होता. १९७९ मध्ये ही जात ब्रिटनमधून नामशेष झाली.

मोजणीची सर्वसाधारण पद्धत याच दशकात आकाराला येत होती. अर्नेस्ट पोलार्ड यांनी मंक्स वुड येथील संशोधन केंद्रात ती बसवली आणि १९७६ पासून ती देशभर लागू झाली. एप्रिल ते सप्टेंबर, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाटेने सावकाश चालायचे आणि पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसतील तेवढीच फुलपाखरे टिपायची. या पद्धतीने दरवर्षीचा चढउतार नेमका कळतो. कारण मात्र दुसऱ्या वहीत शोधावे लागते, हे 'लार्ज ब्लू'ने शिकवले होते.

१९८३ मध्ये स्वीडनमधून अळ्या आणून नैऋत्य इंग्लंडमधील डार्टमूरच्या परिसरात पुनर्वसनाला सुरुवात झाली; पुढे सॉमरसेटच्या टेकड्यांवरही वसाहती जगल्या. ग्लॉस्टरशायरमधील रॉडबरो कॉमन येथे २०१९ मध्ये अकराशे अळ्या सोडल्या गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात सुमारे साडेसातशे फुलपाखरे उडताना आढळली. अळ्या सोडण्याआधी तिथे पाच वर्षे तयारी चालली होती: गुरे चारून गवत आखूड ठेवले जात होते, झुडपे काढली जात होती आणि जमिनीत कोणत्या जातीची मुंगी आहे हे तपासले जात होते.