डॉक्टरकीचा नंबर: हैदराबादेपासून नीटपर्यंत मराठवाड्याची रांग

आपल्याकडे पोरगं बारावीला असलं की पाहुणे 'प्रवेश मिळाला का' असं विचारत नाहीत. 'नंबर लागला का' असं विचारतात. डॉक्टरकीला नंबर लागला, घाटीत नंबर लागला, दुसऱ्या राउंडला गेला नंबर. हा शब्द फार अचूक आहे, कारण वैद्यकीय प्रवेशाचा सगळा इतिहास रांगेचाच आहे. गुण मोजायची पद्धत गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा बदलली. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा नंबर कुणाकुणात लावायचा ते बदलत गेलं. आधी विद्यापीठाच्या हद्दीत, मग विभागात, मग राज्यात आणि आता देशात. मराठवाड्यात या विषयावर जेवढी भांडणं झाली, तेवढी बहुतेक या रांगेच्या लांबीवरून झाली.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि डॉक्टर व्हायचं तर हैदराबाद गाठावं लागे. तिथली वैद्यकीय शाळा १८४६ ची. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, म्हणजे हैदराबाद फार मागे नव्हतं. अडचण अंतराची आणि भाषेची होती. १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं, आणि तिथे वैद्यकही उर्दूतून शिकवलं जाई. परभणी-बीडच्या मराठी घरातल्या मुलाने आधी उर्दू पक्की करायची, मग घर सोडून राजधानीत जायचं, मग शरीरशास्त्र. इतकं ज्यांना परवडलं अशी घरं बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांच्या घरात हा प्रश्नच निघत नव्हता.

मुक्तीनंतर आणि राज्यपुनर्रचनेच्या धामधुमीत दोन गोष्टी झाल्या. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आपल्याकडे बहुतेकांना नोकऱ्या, निधी आणि नागपूर अधिवेशनापुरता आठवतो. त्यात एक कलम प्रवेशाचंही होतं: व्यावसायिक आणि शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांमधले प्रवेश त्या त्या भागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायचे. 'आमच्या वाट्याच्या जागा' हा शब्दप्रयोग मराठवाड्यात पुढे इतक्या हक्काने वापरला गेला, त्याचं एक मूळ इथे आहे. दुसरी गोष्ट १९५६ ची. ज्या वर्षी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याला जोडलेलं रुग्णालय म्हणजे आपली घाटी. जालन्यापासून हिंगोलीपर्यंतचा माणूस आजही 'घाटीला नेलं' एवढंच म्हणतो, शहराचं नाव घ्यायची त्याला गरज वाटत नाही. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी, १९५८ ला आलं. प्रदेशाला डॉक्टर घडवणारं कॉलेज आधी मिळालं आणि विद्यापीठ नंतर.

दुसरं सरकारी कॉलेज यायला सत्तरचं दशक उजाडलं. ते अंबाजोगाईला आलं, आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. नाव स्वामी रामानंद तीर्थांचं, आणि ते उगाच दिलेलं नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करण्याआधी स्वामीजी याच गावात योगेश्वरी शाळेत मास्तर होते. तिसरं नांदेडला १९८८ साली आणि चौथं लातूरला २००२ साली निघालं. आठ जिल्ह्यांच्या प्रदेशाला चार सरकारी कॉलेजं मिळायला शेहेचाळीस वर्षं लागली. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढच्या भांडणाचं कारण यातच आहे.

त्या काळात प्रवेश कसे होत? सुरुवातीला इंटर सायन्सच्या, आणि १०+२+३ आल्यावर बारावीच्या 'बी ग्रुप'च्या म्हणजे भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या गुणांवर. आणि कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत, त्या हद्दीत शिकलेल्या मुलांसाठीच तिथल्या जागा. म्हणजे घाटीची रांग मराठवाड्यापुरती. मुंबई-पुण्याच्या शाळेतला मुलगा त्या रांगेत उभाच राहू शकत नव्हता. तसाच मराठवाड्यातला मुलगा जे. जे. च्या किंवा पुण्याच्या बी. जे. च्या रांगेत नव्हता, पण तेव्हा त्याचं कुणाला फार वाईट वाटत नव्हतं. गुणांच्या शर्यतीत तिकडची मुलं पुढे असत. ही भिंत आपल्याला आडोसा वाटायची.

सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात ही भिंत अर्धी उतरवली. सगळ्याच जागा एका भागातल्या मुलांसाठी राखणं समानतेत बसत नाही, पण मागास भागांची स्थिती पाहता ७० टक्क्यांपर्यंत जागा त्या भागासाठी ठेवता येतील आणि उरलेल्या ३० टक्के राज्यातल्या सगळ्यांसाठी खुल्या असाव्यात, असा त्याचा सारांश. आपल्या घराघरात पुढे पस्तीस वर्षं ज्याचा उद्धार झाला, ते ७०:३० सूत्र ते हेच. आधी मोजमाप विद्यापीठाच्या हद्दीचं होतं. पुढे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग झाले, जे १९९४ च्या वैधानिक विकास मंडळांचेही होते. याच सुमाराला सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्या आणि त्यांची वेगळी परीक्षा सीबीएसई घेऊ लागलं. पण मराठवाड्यातल्या फारच थोड्या मुलांना तेव्हा त्या परीक्षेचा अर्ज कुठे मिळतो हे ठाऊक होतं.

न्यायालयात हे चाललं असताना लातुरात वेगळंच काही शिजत होतं. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद या कॉलेजांनी बारावीच्या अभ्यासाची नवी घडी बसवली. सुट्टीत जादा तास, अभ्यासक्रम वेळेआधी संपवणं, मग चाचण्यांवर चाचण्या, तपासलेला पेपर मुलाच्या हातात देऊन कुठे अर्धा गुण गेला ते दाखवणं. शाहूचे प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर अनिरुद्ध जाधव यांची नावं या 'लातूर पॅटर्न'शी जोडली जातात. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं ओळीने दिसू लागली, तेव्हा मुंबई-पुण्यात आधी कौतुक झालं आणि मग संशय. घोकंपट्टी म्हणून नावं ठेवली गेली. घोकंपट्टी होतीच, नाही असं नाही. पण ज्या परीक्षेत घोकून गुण मिळतात, तिथे घोकणाऱ्याला दोष कशाला द्यायचा? परीक्षा काढणारे लातूरचे नव्हते.

बारावीच्या गुणांवर प्रवेश होते तोवर प्रॅक्टिकलचे मार्क हा कुजबुजीचा कायमचा विषय असायचा. एकेका गुणावर कॉलेज बदलायचं आणि तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक कुणाकडे जेवले याची गावभर चर्चा व्हायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्याने वैद्यकीयसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आणली ती बऱ्याच अंशी या सगळ्याला कंटाळून. लातूर पॅटर्न आता संपला असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. झालं उलटच. कॉलेजांनी आणि खाजगी क्लासेसनी चार पर्यायांचे प्रश्नसंच छापायला घेतले, आणि लातूरमागोमाग नांदेडही या धंद्यात उतरलं. नांदेडच्या श्यामनगर-बाबानगरच्या घरांवर 'मुलींसाठी कॉट बेसिस' अशा पाट्या लागल्या त्या याच लाटेत.

खाजगी कॉलेजांची कथा थोडक्यात उरकतो, कारण ती मराठवाड्यापुरती नाही. नव्वदच्या आसपास औरंगाबादेत आणि लातुरात खाजगी वैद्यकीय महाविद्यालयं निघाली. देणगीबंदीचा राज्याचा कायदा १९८७ चाच, पण 'डोनेशन' हा शब्द काही शब्दकोशातून गेला नाही. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' अशी विभागणी आणली, २००२ च्या टीएमए पै निकालाने ती मोडली, आणि त्यानंतरच्या निकालांतून शुल्क ठरवणाऱ्या समित्या जन्माला आल्या. सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढंच: सरकारीत नंबर लागला तर मुलगा डॉक्टर, खाजगीत लागला तर जमीन.

आता पुन्हा त्या चार सरकारी कॉलेजांच्या हिशेबाकडे. क्लासेसमुळे पात्र मुलं भराभर वाढली, जागा मात्र होत्या तेवढ्याच. उर्वरित महाराष्ट्रात मुंबई, पुणे, कोल्हापूर, मिरज, सोलापूर अशी कॉलेजांची रांगच. तिथल्या राज्याच्या वाट्याच्या १०० जागांपैकी ७० तिकडच्याच मुलांच्या. आणि अशी कॉलेजं कितीतरी. मराठवाड्याच्या ७० टक्क्यांना गुणायला कॉलेजं हातावर मोजण्याइतकी. त्यात विभाग ठरायचा तो बारावी कुठून झाली त्यावर. त्यामुळे बार्शीचा किंवा नगरचा मुलगा शिकायला लातूरला आला की तोही याच आखूड रांगेत उभा. मग मराठवाड्याचा कट-ऑफ वर आणि उर्वरित महाराष्ट्राचा खाली, असं दरवर्षी दिसू लागलं. ज्या भिंतीने आपल्याला वाचवलं होतं, तीच आता आपल्याला कोंडून ठेवते आहे असं लोकांना वाटू लागलं. ८ सप्टेंबर २०२० रोजी वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात ७०:३० रद्द झाल्याचं जाहीर केलं. मंत्री लातूरचे, हा योगायोग कुणाच्या नजरेतून सुटला नाही.

माझं मत सांगायचं तर निर्णय बरोबर होता, पण तो सगळ्या मराठवाड्याला सारखा लाभला असं म्हणणं भाबडेपणाचं. लातूरच्या उद्योग भवन परिसरात, क्लासेसच्या भागात, दोन वर्षं राहून शिकलेल्या मुलीला मुंबईचं दार उघडलं. सेनगाव किंवा भूममध्ये राहून, मोबाईलवर व्हिडिओ बघून तयारी करणाऱ्या मुलासाठी घरालगतची जी जागा राखीव होती, तिच्यासाठी आता अख्खा महाराष्ट्र रांगेत आहे.

रांग त्याआधीच देशभर पसरली होती. नीट, म्हणजे सगळ्या देशाची एकच वैद्यकीय प्रवेश परीक्षा, पहिल्यांदा ५ मे २०१३ रोजी झाली, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि राज्य पुन्हा सीईटीकडे वळलं. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने तो निकाल मागे घेतला. लातूरकरांना ही तारीख वेगळ्याच कारणाने आठवते. त्याच दिवशी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे, जलदूत, निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. माझा मावसभाऊ तेव्हा क्लासेसच्या भागात एका खोलीत तिघांबरोबर राहत होता. मेसवाल्याने ताटं धुवायची बंद करून पत्रावळी सुरू केल्या होत्या, आणि बरीच मुलं टँकरअभावी गावी परतली होती. २८ एप्रिलला न्यायालयाने नीट याच वर्षी, १ मे आणि २४ जुलै अशा दोन टप्प्यांत घ्या असं सांगितलं. राज्याची सीईटी ५ मेला. ती बारावीच्या राज्य अभ्यासक्रमावर. नीट अकरावी-बारावी दोन्हींवर, शिवाय चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. अकरावी आमच्याकडे परंपरेने आरामाचं वर्ष. मावसभावाने सीईटी दिली आणि त्याच रात्री अकरावीची पुस्तकं शोधायला माळ्यावर चढला. २४ मेला वटहुकूम निघाला, सरकारी जागा त्या वर्षापुरत्या सीईटीवरच भरायच्या ठरल्या, आणि पुस्तकं परत माळ्यावर गेली.

२०१७ पासून मात्र सुटका नाही. ७२० गुणांची एकच परीक्षा, तीच देशभर. मराठीतून प्रश्नपत्रिका त्याच वर्षीपासून मिळू लागली, पण क्लासेसमध्ये शिकवणं एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकांवरच चालतं. सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा केंद्रीय समितीमार्फत, ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरतात. २०२५ साली ही परीक्षा २२ लाखांहून जास्त मुलांनी दिली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. परिणामी लातुरात 'रिपीटर' हा शिव्यांतला शब्द राहिला नाही, ती एक वेगळी तुकडी झाली, तिला वेगळं वेळापत्रक आणि वेगळी फी. जून २०२४ मध्ये पेपरफुटीच्या तपासात लातूरमधून दोन शिक्षकांना अटक झाली आणि तपास सीबीआयकडे गेला, तेव्हा टीव्हीवाले आठवडाभर इथेच तळ ठोकून होते. त्याच महिन्यात वाचनालयांत रात्री बारापर्यंत बसणारी हजारो पोरं कुणाच्या कॅमेऱ्यात आली नाहीत.

जागांचा अनुशेष मात्र अलीकडे झपाट्याने भरतो आहे. धाराशिवला २०२२, परभणीला २०२३, जालना आणि हिंगोलीला २०२४, प्रत्येकी १०० जागांची सरकारी कॉलेजं सुरू झाली. बीडला अंबाजोगाई धरली तर आता आठही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. इमारती आणि प्राध्यापक यांचं गाडं जागांच्या मागे आहे, पण 'चॉइस फिलिंग'च्या, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या, रात्री त्याचा विचार फार कुणी करत नाही.

त्या रात्री गुणांइतकाच महत्त्वाचा असतो तो कागद म्हणजे जात वैधता. मराठा आरक्षणाचा कायदा २०१८ ला आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्याला स्थगिती मिळाली, मे २०२१ मध्ये तो रद्द झाला आणि २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा झाला. प्रत्येक वळणावर इथल्या प्रवेशाच्या याद्या हलल्या, आणि ज्यांचा नंबर वर-खाली झाला त्यात मराठाही होते, ओबीसीही होते. अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, सप्टेंबर २०२३ मध्ये ज्यांच्या आधारे ओबीसीचा दाखला मिळतो त्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला. या नोंदी निजामकाळातल्या. बऱ्याचशा उर्दूत, काही मोडीत. तहसीलबाहेर झेरॉक्सच्या दुकानात आता एखादा म्हातारा मौलवी बसलेला दिसतो. पुढ्यात खासरा पाहणीची, म्हणजे जुन्या जमीन नोंदीची, फिकट प्रत, बाजूला नीटचं स्कोअरकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून उभी असलेली मुलगी, आणि तो बोट ठेवून तिच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवतो आहे.