भिंतीआड जाण्याची किंमत

एक्स-रेच्या खोलीत तंत्रज्ञ आपली छाती पाटीला टेकवून उभं करतो, ‘श्वास धरून ठेवा’ म्हणतो आणि लगेच भिंतीच्या आड जातो. हा आडोसा शोधाबरोबर आला नाही. त्यासाठी बऱ्याच जणांचे हात गेले.

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठात विल्हेल्म राँटगेन काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून वीज सोडत होते. प्रकाश बाहेर पडायला फटसुद्धा नव्हती, तरी बाजूला ठेवलेला बेरियमच्या क्षाराचा पडदा उजळला. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी ॲना बेर्टाचा हात फोटोच्या काचेवर ठेवला आणि सुमारे १५ मिनिटं त्यावर किरण सोडले. काचेवर बोटांची हाडं उमटली, आणि एका बोटात अंगठीचं वेटोळं. हाडांतलं कॅल्शियम हे मांसातल्या कार्बन-ऑक्सिजनपेक्षा जड मूलद्रव्य, म्हणून ते किरण जास्त अडवतं. अंगठीचा धातू त्याहून जास्त. शिसं तर फारच, म्हणून किरणांपासून बचावाला घालायचा एप्रन शिशाचा.

किरण कसले हे कळेना म्हणून नाव पडलं ‘एक्स’. मराठीने तिथे बीजगणितातला आपला ‘क्ष’ बसवला. मला हे भाषांतर फार आवडतं. शाळेत ‘क्ष मानू’ म्हणत गणित सोडवलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

राँटगेन यांनी पेटंट घेतलं नाही. काही महिन्यांतच जगभर नळ्या पेटल्या, आणि नळी नीट चालते का हे बघायला जो तो आपलाच हात पडद्यापुढे धरू लागला. या किरणांचा चटका लगेच जाणवत नाही, घात तिथेच झाला. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतले क्लॅरेन्स डॅली असेच रोज हात धरत. आधी कातडी भाजली, मग जखमा भरेनात, मग कर्करोग. दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये ते गेले, वय ३९. एडिसन यांनी क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. १९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात अशा बळींचा स्मारकस्तंभ उभा राहिला, तेव्हा त्यावर १६९ नावं होती. त्यानंतरही कित्येक वर्षं युरोप-अमेरिकेतल्या चपलांच्या दुकानांत मुलांचे पाय क्ष-किरणांखाली धरून बुटाचं माप बघत.

आज छातीच्या एका एक्स-रेत मिळणारं प्रारण (रेडिएशन) हे माती, हवा आणि अवकाशातून आपल्याला काही दिवसांत मिळतं तेवढंच असतं. डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे भीतीपोटी टाळू नये, तो याचसाठी. सीटी स्कॅनमध्ये मात्र ते बरंच जास्त असतं.

पण आपण एकदा उभे राहून घरी जातो. तंत्रज्ञाला दिवसभर तिथेच राहायचं असतं. म्हणून त्याच्या छातीवर एक छोटा बॅज असतो. दर तीन महिन्यांनी हा बॅज प्रयोगशाळेत जातो आणि तंत्रज्ञाच्या अंगावर किती किरण पडले याची नोंद होऊन येते.