नळीबाहेर जळणारी दारू: आखूड कार्बाइन आणि तिच्या गोळीची पार्श्वभूमी

संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते, तेव्हा निम्मे सोलापूर माना वर करून उभे असते. त्या दारूने बाहेरच जळायचे असते, उजेड पाडायचा असते, आवाज करायचा असते. याच गर्दीत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या जवानाच्या खांद्यावरच्या कार्बाइनचे नेमके उलटे आहे. तिथे जेवढी दारू नळीबाहेर जळेल तेवढी वाया. आखूड नळीला कोणती गोळी द्यावी हा वाद दीडशे वर्षे चालू आहे, आणि त्यातला बराचसा भाग या एका गोष्टीशी येऊन थांबतो.

कार्बाइन ही मुळात घोडेस्वाराची बंदूक. आपल्याकडे 'कराबीन' हा शब्द जुनाच आहे. पायदळाची लांब बंदूक खोगिरावर सांभाळता येत नाही, म्हणून नळी कापली. पण नळी कापली की काडतूसही बदलावे लागते, हे त्या काळच्या लोकांना आजच्यापेक्षा लवकर कळले होते. 1870 च्या दशकातल्या ब्रिटिश मार्टिनी-हेन्री रायफलच्या काडतुसात साधारण साडेपाच ग्रॅम काळी दारू आणि 31 ग्रॅमची शिसाची गोळी असे. तिच्याच कार्बाइनसाठी वेगळे काडतूस होते: दारू साडेचार ग्रॅम, गोळी साडेसव्वीस ग्रॅमच्या आसपास. अमेरिकी घोडदळानेही त्याच सुमारास दारू कमी केलेले काडतूस वापरले. कारण शास्त्रीय वगैरे काही नव्हते. हलक्या कार्बाइनमधून पूर्ण भाराची गोळी सोडली की खांदा सुजायचा, एवढेच.

पुढे ही शहाणीव हरवली. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने धूर न करणारी दारू तयार केली आणि दहाएक वर्षांत सगळ्या सैन्यांनी काडतुसे बदलली. ब्रिटिशांच्या रायफलीचे .303 हे काडतूस 1888 ला काळ्या दारूवर सुरू झाले, लगेच कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूवर आले. नवी दारू हळू आणि लांबवर जळणारी, त्यामुळे लांब नळीत गोळीला शेवटपर्यंत रेटा मिळे. सैन्यांना मग एकच काडतूस सगळीकडे हवे होते. कोठारात दोन प्रकारच्या पेट्या ठेवायच्या म्हणजे गोंधळ, हा हिशेब काही चुकीचा नव्हता. पण त्याची किंमत आखूड नळीने मोजली.

सर्वांत ठळक उदाहरण 1944 चे. ब्रह्मदेशाच्या जंगलात ब्रिटिशांची लांब ली-एनफील्ड रायफल अडचणीची होते म्हणून तिची नळी 640 मिलिमीटरवरून 478 वर आणली, वजन उतरवले आणि पाचव्या क्रमांकाची रायफल, म्हणजे लोकांच्या तोंडची 'जंगल कार्बाइन', तयार झाली. काडतूस तेच .303. तोंडाशी ज्वाळा झाकायला कर्ण्यासारखी टोपी बसवावी लागली. धक्का इतका, की मागे लावलेली रबराची पट्टी आधारापेक्षा त्रासच जास्त देई. शिवाय नेम एका जागी टिकत नाही ही तक्रार ब्रिटिश सैन्याने अधिकृतपणे नोंदवली आणि 1947 मध्ये तिचे उत्पादन बंद झाले.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो गप्पांमध्ये हटकून येतो. आखूड नळी म्हणजे नेम वाईट, असे नाही. आखूड नळी उलट ताठ असते, कमी थरथरते. बिघडते ते दुसरेच. गोळी नळीतून सुटते त्या क्षणी मागच्या वायूचा दाब अजून खूप असतो. तो गोळीच्या बुडाशी धडकतो. अर्धवट जळलेले कण आणि तापलेले वायू हवेत येऊन पुन्हा पेटतात, म्हणून ज्वाळा आणि कानठळ्या. वेग कमी, म्हणून लांबवर गोळी जास्त खाली येते आणि वाऱ्याने जास्त सरकते. नेम धरायच्या जुन्या लोखंडी माशीवर तर नळीच्या टोकाची पुढची माशी डोळ्याजवळ आल्याने नेमातली बारीक चूकही मोठी होई.

दुसऱ्या महायुद्धात काही देशांनी प्रश्न मुळातून सोडवला. अमेरिकेने 1941 मध्ये स्वीकारलेल्या एम-1 कार्बाइनसाठी काडतूसच छोटे बनवले: सात ग्रॅमची गोळी, सेकंदाला 600 मीटरच्या आसपास वेग. जर्मनांनी आपल्या रायफलच्या काडतुसाचे कवच 57 मिलिमीटरवरून 33 वर आणले. रशियनांचे 7.62×39 (गोळीची जाडी आणि कवचाची लांबी, मिलिमीटरमध्ये) त्याच विचारातले, 1943 चे. ही सगळी मधल्या ताकदीची काडतुसे आखूड नळीत भागतात, कारण दारू मोजकीच आणि ती लवकर जळून जाते.

मग 5.56 मिलिमीटरची गोळी आली आणि गाडे पुन्हा जुन्या चाकोरीत गेले. 1960 च्या दशकातल्या अमेरिकी एम-16 रायफलची नळी 508 मिलिमीटर. गोळी फक्त साडेतीन ग्रॅमची, पण वेग सेकंदाला 990 मीटर. या छोट्या गोळीची सगळी मदार वेगावर. व्हिएतनाममध्ये तिचीच नळी अडीचशे मिलिमीटरपर्यंत कापली, तेव्हा आवाज आणि ज्वाळा इतक्या वाढल्या की तोंडावर खास नळकांडे बसवावे लागले. ज्या वेगावर गोळीची मदार, तोच कापला गेला होता.

रशियनांचे आकडे याहून बोलके आहेत. एके-74 रायफलची नळी 415 मिलिमीटर आणि वेग 900 मीटर. 1979 च्या तिच्या आखूड बहिणीची नळी 206.5 आणि वेग 735. त्यांनी नळीतला पीळही, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसाही, बदलला. मोठ्या रायफलमध्ये 200 मिलिमीटरला एक फेरा होता, आखुडीत 160 ला, म्हणजे पीळ जास्त.

पीळ म्हटले की सोलापूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सुताला पीळ कमी पडला तर धागा मागावर तुटतो, जास्त झाला तर गुठळ्या पडतात. आखूड धाग्याच्या कापसाला जास्त पीळ लागतो. गोळीचे मात्र उलटे: लांब गोळीला जास्त पीळ. गोळी जड करायची तर जाडी नळीने बांधलेली, म्हणून ती लांबच करावी लागते, आणि लांब गोळी जोरात फिरली नाही तर हवेत डगमगते. नळी आखूड झाल्याने वेग कमी, म्हणजे फिरण्याचा वेगही कमी. 1980 मध्ये नाटोने स्वीकारलेल्या बेल्जियन एसएस-109 या चार ग्रॅमच्या, पोलादी टोकाच्या गोळीमुळे पीळ 305 मिलिमीटरवरून जवळजवळ 178 वर आला. ती गोळी मिनिमी या मशीनगनच्या गरजेतून घडली होती, दूरवर पोलादी पत्रा भेदता यावा म्हणून. गल्लीबोळातल्या कार्बाइनचा विचार त्यात नव्हता.

अमेरिकेने 1994 मध्ये 368 मिलिमीटर नळीची एम-4 स्वीकारली आणि तिला हीच गोळी दिली. अफगाणिस्तानातून गोळीचा हवा तसा परिणाम होत नसल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कुठे गोळीकडे पुन्हा लक्ष गेले. पाच ग्रॅमची जड, अचूक गोळी आली. कमी वेगावरही ती आपले काम करते. 2010 मध्ये आलेल्या एम-855ए1 या गोळीसाठी दारूच अशी निवडली की ती एम-4 च्या आखूड नळीत जळावी आणि ज्वाळा कमी दिसावी. म्हणजे मार्टिनी-हेन्रीच्या काळातले शहाणपण 130 वर्षांनी परत आले. त्यापुढचे टोक म्हणजे 2011 मध्ये प्रमाणित झालेले .300 ब्लॅकआउट: रुंद गोळी, झटकन जळणारी दारू, जी 230 मिलिमीटर नळीतच आपले बहुतेक काम उरकते. त्यात एक धोका आहे. हे काडतूस 5.56 च्याच मॅगझिनमध्ये बसते, आणि चुकून 5.56 च्या नळीत शिरून चाप ओढला गेला तर बंदूक हातात फुटते.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. सोरेगावच्या राज्य राखीव पोलीस बल गट क्रमांक 10 च्या जवानांपासून पोलीस ठाण्याच्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या ओळखीची कार्बाइन म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग बंदुकीवरून कानपूरला बनलेली नऊ मिलिमीटरची. तिची नळी जेमतेम 196 मिलिमीटर, पण काडतूस 1902 चे, पिस्तुलाचे. त्यामुळे दारू नळीतच जळते आणि ज्वाळेची तक्रार फारशी नसते. पल्ला मात्र तोकडा आणि छातीवरच्या चिलखतापुढे गोळी हतबल. तिच्या जागी काय आणायचे यावर पुण्याच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेने वेगळाच विचार केला. नळी कापून लांब काडतूस ठेवण्याऐवजी काडतूसच कापले: 5.56×45 चे 5.56×30. तीच जाडी, कमी दारू, दोनशे मीटरपर्यंतचे काम. ही जेव्हीपीसी कार्बाइन. तिच्या लष्करी चाचण्या 2020 च्या डिसेंबरात पूर्ण झाल्या आणि ती काही पोलीस दलांपर्यंत पोचली.

लष्कराने मात्र सव्वाचार लाख कार्बाइनच्या खरेदीसाठी 5.56×45 हेच काडतूस धरले. यात मला तरी नवल वाटत नाही. आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीपासून हेच काडतूस देशात लाखांनी बनते. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्याचे नाव त्यासाठीच घेतले जाते. दोन काडतुसांची दोन कोठारे सांभाळण्यापेक्षा थोडी ज्वाळा सोसलेली बरी, हा 1890 मधलाच हिशेब.

हे सगळे वाचून कुणी गावाकडच्या परवान्याच्या बारा बोअरशी तुलना करू नये. 5.56 सारखी लष्करी काडतुसे आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे कायद्याने सामान्यांना बंद असलेल्या प्रकारात, मोडतात, आणि सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला ती येतच नाहीत. म्हणून परदेशात जी निवड नेमबाज दुकानाच्या काउंटरवर करतो, ती इथे संरक्षण मंत्रालयाच्या निविदेत होते. एकदा झाली की तीसेक वर्षे बदलत नाही, आणि गड्ड्याच्या बंदोबस्तावरच्या जवानाच्या हाती जी पेटी येईल, तीच त्याची गोळी.