पंधरा मिनिटांची लढाई आणि तिच्यावरचा महागडा चित्रपट

ईलिंग या ब्रिटिश स्टुडिओसाठी हॅरी वॉट यांनी दिग्दर्शित केलेला ‘युरेका स्टॉकेड’ १९४९ मध्ये प्रदर्शित झाला. ऑस्ट्रेलियात तोवर चित्रित झालेल्या सर्वांत खर्चिक चित्रपटांत त्याची गणना होते. सोन्याच्या खाणकऱ्यांची आणि सरकारी सैन्याची ज्या लढाईवर तो बेतला होता, ती ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे जेमतेम पाव तासात आटोपली होती. मग खर्च कशावर झाला, याचे उत्तर लढाईआधीच्या तीन वर्षांत सापडते.

१८५१ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीत सोने सापडले आणि सरकारने खणणाऱ्यांवर दरमहा ३० शिलिंगांचा परवाना लादला. सोने लागो वा न लागो, तो घ्यावाच लागे. पुढे जिथे लढाई झाली, त्या बॅलरॅटला तर सोने फार खोल होते. पाणी झिरपणारे शाफ्ट, म्हणजे खोल उभे खड्डे, खणण्यात महिनेच्या महिने जात आणि अनेकदा हाती काहीच लागत नसे. परवाना तपासायला धाड आली, की चिखलाने माखलेल्या माणसाला तळातून वर येऊन तो कागद दाखवावा लागे. कागद तंबूत राहिला असेल, तरी दंड ठरलेला. कोठडी अपुरी पडली, तर माणसाला साखळीने ओंडक्याला बांधून ठेवत. गव्हर्नर हॉथम यांनी अशा धाडी आठवड्यातून दोनदा घालण्याचा हुकूम दिला, तेव्हा साठलेला संताप उफाळला.

नोव्हेंबरअखेर परवान्यांची होळी झाली. पीटर लेलर यांच्यामागे खाणकऱ्यांनी निळ्या झेंड्यावरच्या पांढऱ्या त्रिशंकू तारकासमूहाच्या साक्षीने एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली आणि लाकडांचा ओबडधोबड मेढेकोट (‘स्टॉकेड’) उभारला. रविवारी पहाटे सैन्याने तो मोडला. किमान २२ खाणकरी मेले, लेलर यांचा डावा हात गेला. मात्र राजद्रोहाच्या खटल्यातील तेराही जण ज्यूरीने निर्दोष सोडले आणि १८५५ मध्ये मासिक परवान्याऐवजी वर्षाला एक पौंडाचा, मताधिकारासह ‘खाणकरी हक्क’ आला. त्याच वर्षी लेलर विधिमंडळात गेले.

हा विषय १९०७ मध्येच मूकपटात आला होता. वॉट यांच्या काळापर्यंत बॅलरॅटचे शहर झाले होते, त्यामुळे न्यू साउथ वेल्समधील सिंगलटनजवळ तंबूंची वस्ती, खोदलेली जमीन, घोडेस्वार आणि लाल डगलेवाले शिपाई असे सारे नव्याने उभे करावे लागले. माझ्या मते हा खर्च योग्य जागी होता, कारण तो चिखल आणि त्या धाडी दिसल्याशिवाय चिप्स रॅफर्टी यांनी साकारलेला लेलर बंदूक का उचलतो, हे प्रेक्षकाला कळणारच नाही.