डॉन बॉस्को: माटुंग्याच्या आधीचं तुरिन

मुंबईत डॉन बॉस्को म्हटलं की माटुंग्याची शाळाच आठवते, अ‍ॅडमिशन मिळाली तर पेढे वाटावेत अशी. (‘डॉन’वरून जोक नकोत, इटलीत पाद्र्यांच्या नावाआधी तसंच लावतात.) पण ज्या पाद्र्याच्या नावाने ही शाळा आहे, त्याचं मूळ काम सुरू झालं ते शाळेची पायरीही न चढलेल्या पोरांपासून.

जोव्हानी बॉस्को, जन्म १८१५, इटलीतल्या तुरिन शहराजवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. दोन वर्षांचा व्हायच्या आतच बाप गेला, आई मार्गेरितानेच वाढवलं. १८४१ ला फादर होऊन तुरिनला आला तर तिथे खेड्यातून आलेली पोरं बांधकामावर विटा-चुना वाहतायत, मिळेल तिथे झोपतायत, आणि चोरीमारीत सापडली की थेट जेलात, आणि हा जेलात जायचा तेव्हा बघायचा की सुटलेलीच पोरं परत आत येतायत, कारण बाहेर त्यांचं कोणीच नाही.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला चर्चमधला माणूस एका गवंडीकाम करणाऱ्या पोराला झोडपून हाकलत होता, बॉस्कोने त्याला परत बोलावलं. वाचता येतं? नाही. गाता येतं? नाही. बरं, शिट्टी तरी? तेव्हा कुठे पोरगा हसला, असं सांगतात.

त्याच्याकडे येणाऱ्या पोरांची संख्या वाढली, पण त्यांना जमवायला कोणी जागा देईना. शेवटी १८४६ ला तुरिनच्याच वाल्दोक्को भागात एक शेड मिळाली, छप्पर इतकं बुटकं की आतली जमीन खणून खाली घ्यावी लागली. पोरांचं रांधायला, फाटलेलं शिवायला म्हातारी आईसुद्धा गाव सोडून आली.

मला सगळ्यात भारी वाटतात ते त्याचे करारनामे. १८५१-५२ च्या सुमाराला तो पोराला कामावर ठेवायच्या आधी मालकाकडून चक्क लिहून घ्यायचा, की मारायचं नाही, काय ते तोंडाने समजवायचं, धंद्याचंच काम द्यायचं, घरगडी म्हणून राबवायचं नाही, सणावाराला सुट्टी. १८५२ चा एक तर स्टॅम्प पेपरवर आहे! आपल्याकडे आज किती मालक असं लिहून देतील? मग १८५३ पासून त्याने स्वतःचीच वर्कशॉप्स काढली, आधी बूट शिवणं आणि शिंपीकाम, पुढे बाइंडिंग, सुतारकाम, छपाई.

१८५९ ला त्याची सेलेशियन ही धर्मसंस्था निघाली, १८८८ ला तो गेला, १९३४ ला संत झाला. त्याची माणसं १९०६ ला तंजावरला उतरली, १९२८ ला मुंबईत. माटुंग्याची शाळा सगळ्यांना माहितीये, पण कुर्ल्याचं आयटीआय आणि रस्त्यावरच्या पोरांसाठी वडाळ्याला असलेलं शेल्टर त्या तुरिनच्या शेडच्या जास्त जवळचं.